गोवा एवढासा, तरी वेगळं राज्य कसं?

गडहिंग्लजच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "सर, गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचं ७,६८५. लोकसंख्याही आपलीच अडीचपटीहून जास्त. मग ते राज्य आणि आपण जिल्हा, असं का? राज्यसेवेसाठी गोव्याचा भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या तिन्ही पाठ केलंय, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही."

मेळ लागत नाही, कारण तिन्ही गोष्टी तू तीन वह्यांत लिहिल्या असणार. कोल्हापुरात भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षं बघतोय, गोवा मुलांना सोपा वाटतो. दोन नद्या, चार किनारे, १९६१, १९८७, संपलं. परीक्षेत मात्र तिथंच मार्क जातात. म्हणून उत्तर जरा लांबण लावून देतो. आधी तालुक्यांच्या सीमा असलेला गोव्याचा नकाशा समोर घे.

सुरुवात चंदगडपासून करू. या तालुक्याच्या डोक्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. ताम्रपर्णीत पडलेलं पाणी घटप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात. आणि कड्याच्या पश्चिमेला ओघळलेलं पाणी तिलारीतून दोडामार्गात उतरतं, पुढं गोव्यात शिरून त्याच नदीचं नाव शापोरा होतं आणि ती मोरजीजवळ अरबी समुद्राला मिळते. कोल्हापूर जिल्ह्याची हद्द गोव्याला कुठंच लागत नाही, मधे दोडामार्ग आहे, पण पाणी लागतं. गोव्याच्या पूर्वेची भिंत म्हणजे हाच सह्याद्री. उत्तर-दक्षिण शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साठ-पासष्ट, एवढ्या पट्ट्यात घाटमाथा, जांभ्याचे सडे, नदीकाठची सखल जमीन आणि समुद्र, सगळं दाटीवाटीनं बसलंय. पाऊस सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास. गगनबावड्याचा पाऊस माहीत असणाऱ्याला त्याचं नवल नाही.

पर्यटकाला गोवा किनाऱ्यावर दिसतो. अभ्यास करणाऱ्यानं तो नद्यांत बघावा. मांडवी, म्हणजे वरच्या अंगाची म्हादई, कर्नाटकात भीमगडच्या जंगलात उगवते. जुवारी गोव्यातच सह्याद्रीच्या पायथ्याकडं. दोघी पणजी आणि मुरगावच्या मधे समुद्राला मिळतात आणि कुंभारजुव्याच्या खाडीनं आत एकमेकींना जोडलेल्याही आहेत. त्यामुळे तिसवाडी तालुका चारही बाजूंनी पाण्यात आहे. उत्तरेला तेरेखोल आणि शापोरा, दक्षिणेला साळ, तळपण, गालजीबाग या लहान नद्या. त्यांची नावं पाठ असू देत, पण वेळ मांडवी-जुवारीला दे. या दोन्ही नद्यांचा उतार इतका कमी आहे की भरतीचं पाणी पात्रातून चाळीसेक किलोमीटर आत चढतं, मांडवीत गांज्यापर्यंत आणि जुवारीत सावर्ड्यापर्यंत. उन्हाळ्यात हे पाणी खारट असतं.

आता खारं पाणी रोज दोनदा शेतात शिरायला बघत असेल तर तिथं भात पिकवायचा कसा? याचं उत्तर म्हणजे खाजन जमीन. माझ्या मते गोव्याच्या भूगोलातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि पाठ्यपुस्तकात तिला दोन ओळी मिळतात. नदीकाठची दलदल चिखल, जांभा आणि पेंढा यांचे बांध घालून अडवायची. बांधात ठरावीक जागी दगडी तोंड ठेवायचं आणि त्याला लाकडी दारं बसवायची. याला मानस म्हणतात. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आत साठलेलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, इंजिन लागत नाही. पावसाळ्यात पावसाच्या पाण्यानं मीठ धुऊन निघतं आणि कोरगुटसारखं खारेपणा सोसणारं भात लावतात. कापणी झाल्यावर खारं पाणी मुद्दाम आत घेतात, त्याबरोबर कोळंबी आणि मासळी येते. मानशीच्या तोंडाला जाळं लावून ती धरायचा हक्क लिलावात जातो. अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे आणि तिचा मोठा वाटा तिसवाडी, बार्देश, सासष्टी या तालुक्यांत आहे. बांध एका ठिकाणी फुटला तर खारं पाणी एकाच्या वाफ्यात थांबत नाही, सगळ्या गावाची जमीन जाते. मग बांध राखायचा कुणी? एकट्या शेतकऱ्याचं ते काम नव्हे. त्यातून गांवकरी ही संस्था उभी राहिली. गाव वसवणाऱ्या घराण्यांच्या सामाईक मालकीची जमीन, तिचा लिलाव, त्यातून बांधाची डागडुजी आणि उरलेल्या पैशाची वाटणी. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था आधीपासून चालू होती. त्यांनी ती मोडली नाही, १५२६ च्या सनदेत तिचे रीतिरिवाज लिहून घेतले आणि त्यावर सारा लावला. पुढं तिचं नाव कोमुनिदाद झालं. ती आजही आहे.

इथून इतिहासात शिरता येतं. पोर्तुगीजांच्या आधीचा काळ मी भराभर सांगतो. कदंबांची राजधानी आधी चांदोरला, मग जुवारीकाठच्या गोपकपट्टणला. त्यांच्या शेजारी आपल्याकडं कोल्हापूरचे शिलाहार. पुढं विजयनगर. १४७२ च्या सुमाराला बहमनींच्या महमूद गवानानं गोवा घेतला, आणि त्याच मोहिमेत त्यानं आधी आपला विशाळगड, तेव्हाचा खेळणा, घेतला होता. कारण सरळ आहे. घोडे समुद्रातून गोव्याला उतरायचे आणि घाटवाटांनी वर यायचे, तर बंदर आणि घाट दोन्ही एका हातात हवेत. मग विजापूरची आदिलशाही. आणि तिच्याकडून २५ नोव्हेंबर १५१० ला आफोन्सो द आल्बुकर्कनं तिसवाडी कायमची जिंकली. त्याच वर्षी आधी एकदा घेतली होती, पण दोन-तीन महिन्यांत गमवावी लागली होती.

पुढची गोष्ट नकाशावर रंगवूनच शिक. १५१० ला तिसवाडी, १५४३ ला बार्देश आणि सासष्टी. मुरगाव तेव्हा सासष्टीतच धरायचे. बस्स, एवढंच. पुढची सव्वादोनशे वर्षं पोर्तुगीजांचा गोवा म्हणजे हा चिंचोळा किनारी पट्टा. याला जुन्या काबिजादी म्हणतात. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे हा मुलूख त्यांच्याकडं आला तो १७६३ ते १७८८ या पंचवीस वर्षांत, सौंधेकर राजे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्याकडून. या नव्या काबिजादी. म्हणजे "गोव्यावर ४५१ वर्षं पोर्तुगीजांचं राज्य" हे वाक्य तिसवाडीला लागू पडतं. पेडण्याला फक्त १७३ वर्षं लागू पडतं. उत्तरात हा फरक लिहिणारा विद्यार्थी मला अजून क्वचितच भेटलाय.

आणि या शेवटच्या तुकड्यात कोल्हापूरचा हात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस करवीरकर छत्रपती आणि सावंतवाडीकर यांच्यात तळकोकणावरून लढाया चालल्या होत्या. करवीरच्या फौजेपुढं टिकाव लागेना म्हणून खेमसावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि तिच्या बदल्यात १७८८ मध्ये पेडणे देऊन टाकलं. आज मोपाचा विमानतळ आहे तो तालुका गोव्यात असण्याचं एक कारण इकडं पंचगंगेकाठी आहे. करवीर संस्थान त्या वेळी नुसतं घाटावरचं नव्हतं हेही लक्षात ठेव. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ च्या तहात इंग्रजांना देईपर्यंत आपलं संस्थान समुद्राला लागलेलं होतं.

दोन काबिजादींचा फरक का महत्त्वाचा? कारण दोन्ही वेळचे पोर्तुगीज वेगळे होते. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजांनी जुन्या काबिजादीत देवळं पाडली, धर्मांतरं घडवली, १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणलं. मधली चार वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडं, आदिलशाही मुलखात नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. आज आपल्याकडची माणसं फोंडा तालुक्यात एका दिवसात पाचसहा देवस्थानं करून येतात. ती इतकी जवळजवळ का आहेत, तर जुवारीच्या पलीकडचं पहिलं सुरक्षित ठिकाण तेच होतं. (आणि हे फोंडा वेगळं, राधानगरीहून उतरतो तो फोंडाघाट वेगळा. उत्तरपत्रिकेत दोन्हींची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे.) दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर असाच नदी ओलांडून नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्यानं बांधवलं.

ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांच्यापुढं धर्म बदलण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. पण सासष्टीत आणि बार्देशात बांध, मानस, गांवकरी आणि लिलाव पूर्वीसारखेच चालू राहिले. घराण्यांची नावं बदलली, जमिनीतला वाटा तोच राहिला. म्हणून तिथल्या ख्रिस्ती समाजात जातीच्या आणि गांवकारीच्या जुन्या खुणा आजही दिसतात. नव्या काबिजादी मिळाल्या तेव्हा मात्र पोर्तुगालचा जोर ओसरला होता. त्यांनी तिथल्या लोकांच्या देवळांना आणि रूढींना हात न लावण्याचं कबूल केलं. त्यामुळे डिचोली, सत्तरी, पेडणे शेवटपर्यंत हिंदूबहुल राहिले आणि लिहिण्या-वाचण्यात मराठीच्या जवळ.

मग १९६१. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा, १९५४-५५ चे सत्याग्रह, आणि डिसेंबर १९६१ मध्ये ऑपरेशन विजय. १९ तारखेला गोवा मुक्त झाला. हे तुला पाठ असणारच. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यानंतरच्या सहा वर्षांत आहे. गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष यांना गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा होता. तसं झालं असतं तर गोवा आज बहुधा सिंधुदुर्गासारखा एक जिल्हा असता, आणि तुझा प्रश्नच उरला नसता. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल घेतला गेला. स्वतंत्र भारतात एका प्रदेशाच्या भवितव्यावर लोकांना असं थेट विचारल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. केंद्रशासित राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. आता नकाशावरच्या रंगांकडं परत बघ. पेडणे, डिचोलीकडं विलीनीकरणाचा जोर होता, सासष्टीत नेमकं उलट. सव्वादोनशे वर्षांच्या अंतरानं आलेल्या दोन गोव्यांनी वेगवेगळं मत दिलं. मात्र नुसता हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा हिशेब मांडू नकोस. तेवढ्यानं आकडा जुळत नाही. कोकणीचा अभिमान बाळगणारे आणि मोठ्या महाराष्ट्रात आपण विरघळून जाऊ अशी भीती वाटणारे हिंदूही विरोधात होते.

४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी कामात वापर करायची सोय ठेवली गेली. ३० मे १९८७ ला गोवा पंचविसावं राज्य झालं, दमण आणि दीव केंद्रशासितच राहिले. म्हणजे क्षेत्रफळ किंवा डोकी मोजून राज्य होत नाही. वेगळी सत्ता, वेगळे कायदे (१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला समान नागरी कायदा आजही तिथं चालतो) आणि त्यावर लोकांनी दिलेला कौल, यातून गोवा राज्य झालं. आपला जिल्हा मोठा असूनही जिल्हा आहे, कारण १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

आता लोकसंख्या. हे आकडे मी जनगणनेतून घेतो आणि शेवटची जनगणना अजून २०११ चीच आहे. गोवा १४,५८,५४५, कोल्हापूर जिल्हा ३८,७६,००१. राज्यांत क्षेत्रफळानं सगळ्यात लहान गोवा, पण लोकसंख्येनं सगळ्यात लहान सिक्कीम. हा प्रश्न फिरवून विचारतात. घनता गोव्याची ३९४, आपली ५०४. हे सरासरीचे आकडे फसवे असतात. सत्तरी, सांगे, काणकोणचा बराच भाग जंगल आणि अभयारण्यांत आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वस्ती बार्देश, तिसवाडी, सासष्टी, मुरगावच्या पट्ट्यात दाटली आहे. खाजनांचा तो जुना पट्टाच.

नागरी लोकसंख्या ६२ टक्क्यांच्या वर, राज्यांत सगळ्यात जास्त. पण गोव्यात मुंबई-पुण्यासारखं एकही शहर नाही. तिथं महापालिका आणि नगरपालिका मिळून १४, बाकीची बहुतेक "शहरं" ही जनगणनेच्या व्याख्येनं शहर ठरलेली, पंचायत असलेली मोठी गावं आहेत. शेतीत राबणारे पुरुष कमी आणि घरं दाट, की गाव शहरात मोजलं जातं. शिरोळ-हातकणंगल्यातली काही गावं डोळ्यांसमोर आण, चटकन लक्षात येईल.

माझा सगळ्यात आवडता आकडा मात्र स्त्री-पुरुष प्रमाणाचा. वर्गात गोव्याची लोकसंख्या मी नेहमी इथूनच उलगडतो. १९६१ च्या सुमारास गोव्यात हजार पुरुषांमागं १,०६६ स्त्रिया होत्या. १९७१ ला तोच आकडा ९८१. दहा वर्षांत बायका कुठं गेल्या? कुठंच नाही, पुरुष आले. पोर्तुगीज काळात गोव्यातले पुरुष पोटासाठी बाहेर असायचे, बोटींवर, मुंबईत, आफ्रिकेत. मुंबईत गावोगावच्या गोवेकरांचे कूड होते, तिथं ते वस्तीला राहायचे. घरी बायका, म्हातारी माणसं आणि मनीऑर्डर. मुक्तीनंतर उलटा ओघ लागला. सरकारी नोकऱ्या, खाणी, मुरगाव बंदर, रस्ते आणि पूल यांच्यासाठी महाराष्ट्र-कर्नाटकातून माणसं उतरली. ५,८९,९९७ वरून लोकसंख्या १९७१ ला ७,९५,१२० झाली, जवळपास ३५ टक्के वाढ. २००१ ते २०११ मध्ये तीच वाढ ८.२३ टक्क्यांवर आली आहे, आणि ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले त्यांच्यापैकी पुष्कळ जण पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात गेलेत.

धर्मवार प्रमाणही याच ओघांनी बदललं. १९६० च्या आसपास ख्रिस्ती एक तृतीयांशाहून अधिक होते, २०११ ला २५.१० टक्के. हिंदू ६६.०८, मुस्लिम ८.३३. यामागं मुख्यत्वे बाहेर जाणं, बाहेरून येणं आणि घटलेला जन्मदर आहे. "गोवा म्हणजे ख्रिस्ती राज्य" असं परीक्षेच्या मुलाखतीत बोलून बसू नकोस.

खाणींबद्दल थोडक्यात. लोहखनिज डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पूर्वेच्या तालुक्यांत, आणि ते बार्जमधून मांडवी-जुवारीवाटे मुरगावला यायचं. नद्या सपाट आणि भरतीच्या, म्हणून वाहतूक स्वस्त. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं खाणकाम थांबवलं, २०१८ ला ८८ लीज रद्द केल्या. खाण चालू असताना याच नद्यांचं पाणी तांबडं व्हायचं आणि तो गाळ खाजनांत बसायचा. पर्यटनावर इतकं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही.

किनारपट्टीच्या लांबीचा घोळ तेवढा सोडवून देतो. कुठं १०५ किलोमीटर दिसेल, सरकारी जुन्या तक्त्यात १५१ आणि आता १९३.९५. किनारा वाढलेला नाही. मोजायची पट्टी बारीक केली की खाड्या आणि वळणं जास्त पकडली जातात. त्याच नव्या मोजणीत देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटर झाला आणि महाराष्ट्राचा ८७७.९७. पर्यायांत जो संच एकमेकांशी जुळतो तो धर. नवा देश आणि जुना गोवा असं मिश्रण करू नकोस.

शेवटी भाषा, कारण तू मराठी माध्यमातली आणि हा आकडा तुला खटकणारच. २००१ च्या जनगणनेत गोव्यात मराठी मातृभाषा सांगणारे २२ टक्क्यांहून अधिक होते, ३,०४,२०८. २०११ ला १,५८,७८७, म्हणजे १०.८९ टक्के. याच काळात कोकणी ५७ वरून ६६ टक्क्यांवर गेली. दीड लाख मराठी माणसं गोवा सोडून गेली का? नाही. घरात कोकणी बोलणारी, पण शाळा, भजन, नाटक आणि वर्तमानपत्र मराठीतलं असणारी हजारो कुटुंबं पेडणे, डिचोली, फोंड्यात आहेत. त्यांच्यापैकी बरीच जण पूर्वी मातृभाषा मराठी सांगत, आता कोकणी सांगतात. एका दशकात एवढी घट स्थलांतरानं होत नाही, उत्तर बदलल्यानं होते. चंदगडच्या तुझ्या मैत्रिणींना विचार, घरात बोलतात ते जनगणनेच्या रकान्यात काय म्हणून लिहायचं, आणि पुढच्या वेळी शेजारच्या दोडामार्गाचा आणि पेडण्याचा आकडा शेजारी-शेजारी ठेवून बघ.